शारदेला कोणी वाचवले?

नाटकातल्या दुर्दैवी प्रेमिकांविषयी प्रेक्षकाला कळवळा का वाटतो, हा प्रश्न वरवर पाहता बाळबोध आहे. ती दोघे तरुण असतात, एकमेकांवर जीव टाकतात आणि अखेरीस मरतात. मग कळवळा वाटणार नाही तर काय वाटेल? हे उत्तर ज्याला पुरेसे वाटते त्याने एखाद्या गावाच्या पारावर तासभर बसून पाहावे. गावातली मुलगी परजातीतल्या मुलाबरोबर निघून गेल्याची वार्ता आली की त्या पारावर जी भाषा ऐकू येते तीत कळवळ्याचा लवलेशही नसतो. आणि तीच माणसे तालुक्याच्या गावी जाऊन अशाच जोडप्याची कथा पडद्यावर पाहतात तेव्हा डोळे पुसत बाहेर येतात. घटना तीच, माणसे तीच. तेव्हा कळवळा घटनेत नसतो. तो कोणीतरी रचलेला असतो. तो कसा रचला जातो, हा या लेखाचा विषय आहे.

आम्ही औंढा नागनाथ येथे मराठी शिकवतो. हिंगोली जिल्ह्यातले हे क्षेत्र. नागनाथाचे प्राचीन देऊळ, शिवरात्रीची यात्रा, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून एस.टी.ने किंवा भावाच्या मोटारसायकलवरून कॉलेजला येणाऱ्या मुली. येथे नाटक पाहायला मिळत नाही असे म्हटले तरी चालेल. नाटक येथे पुस्तकात असते आणि वर्गात मोठ्याने वाचले जाते. काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात ‘संगीत शारदा’ संपवून आम्ही समारोपाचे दोन शब्द बोलत होतो. देवलांचे समाजभान, पदांचा सोपेपणा, कोदंडाचे तेज वगैरे नेहमीचे. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, शारदा वाचली ते गोत्र एक निघालं म्हणून. गोत्र निराळं असतं तर?”

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही. वाचकांना कथानक ठाऊकच आहे, तरी थोडक्यात उजळणी करतो. पंच्याहत्तरीला टेकलेला श्रीमंत भुजंगनाथ पुन्हा बोहल्यावर चढायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी, शारदा, त्याला द्यायला तयार होतो. ऐन लग्नात वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस येते आणि विवाह मोडतो. म्हणजे मुलीच्या इच्छेने हे लग्न मोडत नाही, आईच्या अश्रूंनी मोडत नाही, वयातल्या साठ वर्षांच्या अंतरानेही मोडत नाही. मोडते ते शास्त्राच्या एका कलमाने. आमच्या विद्यार्थिनीने नेमके तेथे बोट ठेवले होते. ज्या समाजाचे नियम शारदेला मरणाच्या दारात नेतात, त्याच समाजाचा एक नियम तिला परत ओढतो. तिचा स्वतःचा ‘नको’ हा शब्द नाटकात कोणाच्याही लेखी पुरावा ठरत नाही.

हे देवलांचे उणे आहे काय? अनेक समीक्षकांनी तसे सुचवले आहे आणि शेवट तडजोडीचा असल्याचे शेरे मारले आहेत. आमचे मत थोडे निराळे आहे. ‘शारदा’ १८९९ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच्या आठच वर्षे आधी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला होता. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करण्याच्या त्या दोन वर्षांच्या वाढीसाठी पुण्यात किती रण माजले होते हे आपण जाणतो. खुद्द टिळक त्या कायद्याच्या विरोधात उभे होते. देवलांसमोर बसलेला प्रेक्षक तो होता. त्यातले निम्मेअधिक गृहस्थ स्वतः बिजवर वा तिजवर असण्याचा संभव होता, आणि ज्यांना मुली होत्या त्यांनी त्या आठव्या-दहाव्या वर्षी उजवल्या होत्या. अशा माणसांच्या मनात एका मुलीविषयी कणव उत्पन्न करायची, तर त्यांच्या समजुतींवर समोरून चाल करून भागत नाही. देवल प्रथम त्यांना हसवतात. म्हाताऱ्याची हौस, केसांचा कलप, तारुण्याचा आव, मध्यस्थाची लबाडी या सर्वांवर प्रेक्षक मनमुराद हसतो, आणि हसता हसता त्याच्या नकळत भुजंगनाथापासून अंतर घेतो. एकदा हे अंतर पडले की त्याला मुलीच्या बाजूला सरकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सख्या शारदेच्या भावी नवऱ्याची थट्टा करतात, तोही प्रसंग असाच दुधारी आहे. सख्यांना ते सारे गमतीचे वाटते, प्रेक्षकालाही गमतीचे वाटते. आणि मध्यभागी ही एकटी भेदरलेली.

शारदेच्या वाट्याची पदे काढून पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. तिचा स्थायी सूर प्रेमाचा नाही, भयाचा आहे. कोदंडावरच्या अनुरागाला देवलांनी फारच थोडी जागा दिली आहे. शृंगार करायला त्या दोघांना सवडच नाही. आणि हे सारे उच्चारायला रंगमंचावर उभा असायचा एक मुलगा. पुढे बालगंधर्वांनीही ही भूमिका गाजवली. स्त्रीपार्टी नटाच्या तोंडून खऱ्या मुलीचे भय प्रेक्षकाच्या काळजाला भिडवायचे, तर भिस्त रूपावर ठेवून चालणार नव्हते. परिस्थितीच तशी रचावी लागली. शेक्सपियरच्या रंगमंचावरही ज्युलिएट मुलगाच होता, ही गोष्ट आपण विसरू नये.

‘शारदा’मधली सर्वांत भेदक जागा मात्र लग्न मोडल्यानंतरची आहे, आणि वर्गात तिच्याकडे नेहमी दुर्लक्ष होते. सगोत्राचे प्रकरण उघड झाले, म्हातारा गेला, मांडव उठला. कोणीही साधा नाटककार येथेच पडदा पाडून टाळ्या घेता. देवल थांबत नाहीत. बोहल्यावरून उतरलेली शारदा आता कोण? ती विवाहित नाही आणि कुमारिकाही नाही. संकट टळल्यावर तिच्यासाठी घराचे दार उघडत नाही. ती जीव द्यायला नदीवर जाते. तिला कोदंड वाचवतो, शंकराचार्यांची अनुज्ञा येते आणि अखेर मंगल होते हे खरे. तरी त्या नदीच्या वाटेवर प्रेक्षकाला जे कळते ते पुढच्या मंगलाष्टकांनी पुसले जात नाही. ज्या कलमाने तिला वाचवले त्याच कलमाने तिला निराधार केले, हे देवलांनी एकही वाक्य उपदेशाचे न बोलता दाखवून दिले आहे. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे: गोत्र एक निघूनही शारदा वाचलीच नव्हती.

येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला आपल्याकडे ‘शारदा कायदा’ म्हणत, आणि तो देवलांच्या शारदेवरून पडलेला शब्द असे मानणारे पदवीधर आम्ही कितीतरी पाहिले आहेत. तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. मराठी जिभेने ‘सारडा’ची ‘शारदा’ केली. चूक खरी, पण गोड आहे. नाटकातल्या मुलीच्या नावे एक कायदा आहे असे एका समाजाला तीन पिढ्या वाटत राहावे, यापरते नाटककाराचे यश कोणते? त्या कायद्याने वधूचे किमान वय ठेवले होते चौदा. शेक्सपियरची ज्युलिएट चौदाला दोन-तीन आठवडे कमी आहे.

ज्युलिएटकडे वळायचे ते केवळ या योगायोगामुळे नव्हे. प्रेक्षकाचा कळवळा कसा रचला जातो याचा कारखाना उघडा पाहायचा असेल तर शेक्सपियरचे हे नाटक आणि त्याने समोर ठेवलेले मूळ काव्य यांची तुलना करावी. आर्थर ब्रुक नावाच्या कवीने १५६२ मध्ये ही कथा दीर्घकाव्यरूपाने इंग्रजीत आणली होती. त्याची प्रस्तावना आमच्या गावच्या पारावर वाचून दाखवली तर माना डोलतील. वडीलधाऱ्यांचा सल्ला झुगारून वासनेच्या आहारी गेलेल्या तरुणांचे कसे वाटोळे होते हे दाखवण्यासाठी आपण ही कथा सांगतो, असे तो तेथे बजावतो. काव्यात त्याची सहानुभूती जागोजाग निसटते हा भाग निराळा. पण कथेचा घोषित हेतू असा होता. शेक्सपियरने जवळजवळ तेच कथानक घेतले, पात्रे तीच ठेवली, शेवट तोच ठेवला, आणि निकाल उलटा लावला. हे त्याने कशाच्या बळावर केले?

एक तर वेळेच्या. ब्रुकच्या काव्यातला काळ नऊ महिन्यांचा आहे. गुप्त विवाहानंतर त्या जोडप्याला कित्येक आठवडे एकमेकांचा सहवास लाभतो. शेक्सपियर हे सारे रविवार ते गुरुवार या चार-पाच दिवसांत दाबून बसवतो आणि नवराबायकोला एकच रात्र देतो. याचा परिणाम सर्वसाधारणपणे ‘वेग’ या शब्दात सांगितला जातो. पण खरी करामत पुढची आहे. उतावीळपणा हा प्रेमिकांवरचा जुना आरोप. गावही तेच म्हणते, ‘थांबायला काय झालं होतं?’ शेक्सपियर हा उतावीळपणा उचलून वडीलधाऱ्यांच्या पदरात टाकतो. आरंभी ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट किती समंजस आहे! मागणी घालणाऱ्या पॅरिसला तो म्हणतो, पोर लहान आहे, अजून दोन उन्हाळे जाऊ देत, आणि तिचे मन वळव. तिच्या होकाराशिवाय माझा होकार पुरा नाही. हाच बाप सोमवारी रात्री मुलीला न विचारता लग्न ठरवतो. बुधवार फार जवळ होईल म्हणून गुरुवार धरतो. पुढे मुलगी वरकरणी राजी होताच आनंदाच्या भरात ते आणखी एक दिवस अलीकडे, बुधवारी ओढतो. त्या एका दिवसाच्या घाईने सगळे हिशेब चुकतात. मुले थांबली नाहीत हे खरे, परंतु त्यांना थांबू कोणी दिले?

आमच्या भागात ‘साखरपुड्यातच लग्न उरकले’ हा शब्दप्रयोग नित्याचा आहे. पाहुणे सकाळी सुपारी फोडायला येतात आणि संध्याकाळी अक्षता पडतात. खर्च वाचला म्हणून दोन्हीकडचे लोक समाधानाने जेवतात. बुधवार की गुरुवार या कॅप्युलेटच्या घोळाला त्यामुळे आमच्या वर्गात टिपा द्याव्या लागत नाहीत. एकदा तो प्रसंग सांगताना एक मुलगा सहज बोलून गेला, “आमच्या ताईचं असंच झालं, सर.” त्यापुढे तो काही बोलला नाही आणि आम्हीही विचारले नाही.

दुसरी गोष्ट वयाची. ब्रुकची नायिका सोळाच्या घरातली. शेक्सपियरने तिची जवळजवळ तीन वर्षे कमी केली. आणि हे वय तो कोणाकडून वदवतो? दाईकडून. ती बोलघेवडी, चावट, कोणत्याही विषयावरून कोठेही घसरणारी बाई ज्युलिएटचे दूध तोडल्याचा दिवस, भूकंप, आपली मेलेली लेक, आपल्या नवऱ्याचा एक अश्लील विनोद असे काय काय सांगत बसते. प्रेक्षक हसतो. या हसण्यात त्याच्यासमोर अंगणात पडलेले, कपाळाला टेंगूळ आलेले दोन-तीन वर्षांचे एक लेकरू उभे राहते. पुढे चार दिवसांनी ज्या मुलीला आपण थडग्यात पाहणार तिचे बाळपण आपण पाहून ठेवलेले असते. देवलांचे हसवणे आणि शेक्सपियरचे हसवणे येथे एका जातीचे आहे. हसलेला माणूस सावध राहत नाही.

परंतु आमच्या मते कळवळ्याची मुख्य रचना याहून खोल आहे. प्रेमिकांवर संकट आणणारा खलपुरुष या नाटकात नाही. टिबल्ट तापट आहे, पण त्याला ज्युलिएटच्या लग्नाचा पत्ताही नाही. पॅरिस तर भला माणूस आहे; दुसऱ्या एखाद्या नाटकात तो नायक शोभला असता. मग ज्युलिएटला मारते कोण? तिच्यावर प्रेम करणारी माणसे, एकेक करून. तिसऱ्या अंकातला पाचवा प्रवेश आम्ही दरवर्षी सावकाश वाचतो. रोमिओ पहाटे निघून जातो. लगेच आई येते आणि गुरुवारचे लग्न सांगते. मुलगी नाही म्हणते. बाप येतो आणि आपण दोन दिवसांपूर्वी काय बोललो होतो हे विसरून तिला रस्त्यावर भीक मागत उपाशी मरण्याची भाषा ऐकवतो. मुलगी आईकडे वळते. आई, मला तुझ्याशी बोलायचेच नाही असे म्हणून निघून जाते. मग उरते दाई. जिने निरोप पोचवले, जिने दोरीची शिडी आणली, ती दाई अत्यंत व्यवहारी स्वरात सांगते की रोमिओ गेला तो गेला, पॅरिस काही वाईट नाही, कर लग्न. यात दुष्टपणा नाही. कोणतीही शहाणी मावशी हेच सांगेल. या एका प्रवेशात रंगमंच चार वेळा रिकामा होत जातो, आणि अखेरीस एक तेरा वर्षांची मुलगी एकटी उरते. यानंतर औषध पिताना ती ज्या प्रसंगाला सामोरी जाते तो तिला एकटीनेच वठवायचा आहे, हे ती स्वतः बोलून दाखवते. शेवटी थडग्यात तिचा धर्मपिता फ्रायर लॉरेन्सही पहारेकऱ्यांची चाहूल लागताच तिला तेथे टाकून पळतो. तो साधू आहे, सज्जन आहे, आणि घाबरला आहे.

प्रेक्षक रोमिओच्या प्रेमात पडून ज्युलिएटच्या बाजूला जात नाही. तिच्या भोवतीची एकेक जागा रिकामी होते आणि त्या रिकाम्या जागेत तो उभा राहतो. दुसरे कोणी उरलेलेच नसते. नाटककाराने कळवळ्याची याचना केलेली नाही. प्रेक्षकासाठी खुर्ची तेवढी मोकळी करून ठेवली आहे. ‘शारदा’तही हेच घडते. इंदिराकाकूंच्या मायेविषयी कोणाला शंका नाही, पण घरात त्यांचे चालत नाही. सख्या थट्टा करून आपापल्या घरी जातात. म्हणून आम्हांस वाटते की या जातीच्या नाटकांत प्रेमप्रसंग जेवढे महत्त्वाचे मानले जातात तेवढे ते नसतात. सज्जाखालचा प्रसंग पाठ असलेले विद्यार्थी पुष्कळ भेटतात; दाईचा सल्ला कोणाला आठवत नाही.

आपल्या काव्यशास्त्राने या जागेवर फार नेमके बोट ठेवले आहे. विप्रलंभ शृंगार आणि करुण यांत भेद काय? दोन्हींत विरह आहे, दोन्हींत अश्रू आहेत. नाट्यशास्त्र सांगते, विप्रलंभ सापेक्ष आहे, करुण निरपेक्ष. एकात आशा शिल्लक असते, दुसऱ्यात ती तुटलेली असते. संस्कृत नाटककार प्रायः विप्रलंभाच्या सीमेवरून परत फिरतात. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने ‘मालतीमाधव’ लिहिले, त्यात सारे साहित्य ज्युलिएटचेच आहे: तरुण जोडपे, राजाच्या मर्जीतल्या वराला मुलगी देऊ पाहणारा बाप, आणि प्रेमिकांना मदत करणारी संन्यासिनी कामंदकी. फ्रायर लॉरेन्सची ही जणू थोरली बहीण. फरक एवढाच की कामंदकीचे सगळे डाव साधतात आणि लॉरेन्सचे पत्र पोचत नाही.

ते पत्र का पोचत नाही, याकडे आमचे लक्ष पूर्वी फारसे जात नसे. पत्र नेणाऱ्या साधूला साथीच्या रोग्याचा संसर्ग झाला असावा या संशयाने पहारेकरी एका घरात कोंडून घालतात आणि दाराला मोहोर लावतात. योगायोगाचा आधार घेतला म्हणून शेक्सपियरला नावे ठेवणारे समीक्षक आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. २०२० नंतर तो भाग शिकवताना वर्गात कोणीही योगायोग हा शब्द उच्चारला नाही. गावाच्या वेशीवर आडव्या टाकलेल्या बाभळीच्या फांद्या त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. प्लेगमुळे १५९२-९३ मध्ये लंडनची नाटकगृहे बंद होती आणि हे नाटक त्यानंतर थोड्याच काळात आले. त्या प्रेक्षकालाही ती मोहोर ओळखीची असणार. शेवटपर्यंत आशा तेवत ठेवायची आणि ती तोडताना प्रेक्षकाच्या अनुभवातलेच शस्त्र वापरायचे, ही ती युक्ती आहे. विशेष म्हणजे या नाटकाच्या सूत्रधाराने आरंभीच सांगून टाकले आहे की ही दोघे मरणार. तरीही आशा तेवते. सप्ताहातल्या कीर्तनाला बसणाऱ्या श्रोत्याला याचे नवल वाटणार नाही. आख्यानातल्या हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असते, म्हणूनच तो डोळे पुसायला मोकळा असतो.

कीर्तनावरून औंढ्याची आख्यायिका आठवणे अपरिहार्य आहे. जवळच्याच नर्सीचे नामदेव येथे कीर्तनाला उभे राहिले, त्यांना देवळामागे घालवून दिले, आणि नागनाथाने देऊळच त्यांच्याकडे फिरवले, अशी ती कथा. भाविकांच्या श्रद्धेला धक्का न लावता आम्ही त्यात आमच्या व्यवसायापुरता अर्थ वाचतो. हाकलून देणाऱ्या माणसांचे मन फिरले असे ती कथा कोठेही म्हणत नाही. देऊळ फिरणे तिला त्याहून शक्य कोटीतले वाटले. नाटककाराचे काम त्या मानाने अवघड, कारण त्याला माणसेच फिरवायची असतात, आणि तीही जागेवर बसलेली.

मराठी रंगभूमीने ही निरपेक्ष करुणाची सीमा ओलांडली ती गडकऱ्यांच्या हाताने. ‘प्रेमसंन्यास’ हे त्यांचे पहिले नाटक. बालविधवा लीलेच्या प्रेमाची शोकांतिका. देवलांनी शारदेला नदीवरून परत आणले. गडकऱ्यांनी असा कोणताही शंकराचार्य बोलावला नाही. धाडस मोठे होते. तथापि आमच्या मनात या नाटकाविषयी एक अढी आहे, ती मोकळेपणाने सांगतो. गडकरी प्रेक्षकासाठी जागा रिकामी सोडत नाहीत. ती शब्दांनी भरून टाकतात. पात्रे आपल्या दुःखावर इतके उत्तम बोलतात की आपण दुःखाऐवजी बोलण्याला दाद देऊ लागतो. परिणामी त्या नाटकातला विसराळू गोकुळ आणि त्याची साक्ष एवढेच पुढच्या पिढ्यांच्या ध्यानात राहिले. गोकुळावर हसलेला प्रेक्षक लीलेकडे वळत नाही, तो गोकुळापाशीच थांबतो. देवलांच्या आणि शेक्सपियरच्या विनोदाला जी पुढे नेणारी वाट होती ती येथे नाही.

अलीकडचे उदाहरण द्यायचे तर ते नाटकाचे नाही, पण टाळताही येत नाही. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ मध्ये आला तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलांनी तो तीन-तीनदा पाहिला होता. गाण्यांविषयी सगळे बोलत. शेवटाविषयी कोणी बोलत नसे. आम्हांस त्या चित्रपटाची खरी कामगिरी उत्तरार्धात दिसते. पळून गेल्यावर हैदराबादेत जे येते ते काव्य नसते. झोपडी, मजुरी, संशय, भांडण, पुन्हा समेट, मग हप्त्यावरची स्कूटर आणि घराचे स्वप्न. प्रेमिकांचा संसार होतो. प्रेक्षक त्यांना प्रेमिक म्हणून विसरतो आणि शेजारी म्हणून ओळखू लागतो. त्यानंतर माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात, आर्ची त्यांच्यासाठी चहा ठेवते, आणि पुढे आवाजच बंद होतो. किंकाळी दिलेली नाही, संगीत दिलेले नाही. लहान मुलाची रक्ताने उमटलेली पावले तेवढी दिसतात. गडकऱ्यांनी जी जागा शब्दांनी भरली असती ती येथे पूर्ण मोकळी सोडली आहे. चित्रपटगृहातून बाहेर पडणारी माणसे गप्प होती, असे मुले सांगत. पारावर ती किती दिवस गप्प राहिली, हे विचारण्याचे धाडस आम्ही केले नाही.

कारण प्रश्न तेथेच येऊन अडतो. खुर्चीत बसून फिरलेले मन घरी जाताना पुन्हा पूर्वपदावर येते काय? ज्युलिएटच्या बापाने शेवटी शत्रूच्या हातात हात दिला, आणि दोघे बाप एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याची बोली करू लागले. शेक्सपियर या पुतळ्यांकडे गंभीरपणे पाहतो की उपरोधाने, याविषयी आमच्या विभागात दोन मते आहेत. आमचे मत उपरोधाच्या बाजूचे. जिवंत मुलीला दोन उन्हाळे देता आले नाहीत त्या बापाला मेलेल्या जावयासाठी सोने परवडते. सैराटची गाणी ज्या वरातीत वाजतात त्याच वरातीतल्या नवरीला आपले मत विचारलेले नसते, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. कळवळा खोटा नसतो. तो पुतळ्यापुरता असतो, एवढेच.

आमच्या हजेरीपटावर दरवर्षी उन्हाळ्यानंतर काही नावांपुढे रेघा येतात. दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी तिसऱ्या वर्षाला नसते. कायदा आता अठराचा आहे आणि या मुली बहुधा एकोणीस-वीसच्या असतात, म्हणून कोणाचा गुन्हा झाला असेही नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून तर त्या कॉलेजपर्यंत पोचतही नाहीत. अशा वेळी अध्यापकाची भूमिका कोणती, हे आम्ही आपसांत पुष्कळदा बोललो आहोत. पालक येऊन म्हणतात, “सर, तुमचं ऐकती ती, तुम्हीच समजावून सांगा.” मुलगीही कधीकधी तेच शब्द वापरते, उलट्या दिशेने. दोघांनाही दाई हवी असते. लॉरेन्सप्रमाणे जालीम औषधाची कुपी आमच्याजवळ नाही. आमच्याजवळ असते ते परीक्षेचे वेळापत्रक, आणि ‘एवढी पदवी होऊ द्या’ हे वाक्य. कॅप्युलेटच्या दोन उन्हाळ्यांचा अर्ज म्हणा हवे तर. हा अर्ज कधी मंजूर होतो, कधी होत नाही. मंजूर झाला की एक वर्ष मिळते. नाटकाच्या हिशेबात एक वर्ष म्हणजे फार मोठा काळ आहे. ज्युलिएटला एक दिवस पुरला असता.

ज्युलिएटच्या आईचे एक वाक्य आम्ही हल्ली मुद्दाम थांबून समजावतो. मुलीला लग्नाला राजी करताना ती सांगते की तुझ्या वयाची असताना मी तुझी आई झाले होते. साधा हिशेब केला तर ही बाई नाटकात अवघी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची निघते. रंगमंचावर मात्र तिला नेहमी पन्नाशीची नटी देतात, त्यामुळे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. तिसऱ्या अंकात मुलीकडे पाठ फिरवून जाणारी आई ही स्वतः कोणे एके काळची ज्युलिएट आहे, जिला रोमिओ भेटला नाही आणि दाईचा सल्ला मानावा लागला. इंदिराकाकूंचे लग्न कोणत्या वयात झाले हे देवलांच्या प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते.

गेल्या जूनमध्ये एक बाई लेकीचा दाखला न्यायला आल्या होत्या. लग्न वैशाखात झाले होते, सासर परभणीकडचे. वय फार तर अडतीस असेल. डोक्यावर पदर, हातात कागदांची पिशवी. कार्यालयातला लेखनिक नोंद काढीत होता तोवर त्या विभागात येऊन दारापाशीच उभ्या राहिल्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत. मुलीची शेवटची चाचणी झाली होती त्याचा पेपर आहे का, असे त्यांनी विचारले. आम्ही गठ्ठ्यातून तो शोधून दिला. वीसपैकी सोळा गुण होते. ‘शारदा’वरचा प्रश्न तिने सोडवला होता. बाईंनी पेपर उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “हे अक्षर तिचंच हाय ना?” आम्ही हो म्हणालो. मग त्यांनी तो चार घड्या करून दाखल्याबरोबर पिशवीत ठेवला.